सत्तर टक्के मते आणि तिसरा क्रमांक

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

युरोव्हिजन या युरोपातल्या वार्षिक गीतस्पर्धेसाठी देश आपापले गाणे कसे निवडतात, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विषय मराठी वाचकांपुढे आला हे चांगलेच झाले. मात्र लेखाचा सगळा रोख ‘जनतेचा कौल विरुद्ध परीक्षकांची मनमानी’ असा आहे आणि त्यासाठी स्पेनची २०२२ ची निवड पुराव्यादाखल दिली आहे. उदाहरण नेमके आहे, निष्कर्ष मात्र चुकला आहे. त्या रात्री लोकांच्या आवडत्या गाण्याचा पराभव झाला तो गुणांच्या कोष्टकामुळे. हे कोष्टक सहसा कुणी वाचत नाही, म्हणून पत्र जरा लांबले आहे.

आधी एक किरकोळ दुरुस्ती. लेखात ‘सरकारे गाणी पाठवतात’ असे म्हटले आहे, ते खरे नाही. ही स्पर्धा युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन भरवते आणि तिचे सभासद असतात त्या त्या देशांतल्या दूरचित्रवाणी-रेडिओ संस्था. १९५६ मध्ये स्वित्झर्लंडच्या लुगानो शहरात पहिली स्पर्धा झाली, तेव्हा सातच देश होते आणि प्रत्येकाने दोन गाणी आणली होती. गाणे निवडण्याची पद्धत तेव्हापासून आजपर्यंत त्या त्या देशाच्या संस्थेवरच सोडलेली आहे. ती सहा आठवडे जत्रा भरवू शकते किंवा चार जणांनी बंद खोलीत बसून ठरवले तरी चालते. गायक त्या देशाचा नागरिक असलाच पाहिजे, अशीही अट नाही. १९८८ साली स्वित्झर्लंडला जिंकून देणारी सेलीन डिऑन कॅनडाची होती. लक्झेम्बर्गने पाच वेळा स्पर्धा जिंकली, त्यांतल्या चार वेळा गाणारे फ्रेंच आणि एकदा गाणारी ग्रीक होती.

आता स्पेन. तिथल्या आरटीव्हीई या संस्थेने २०२२ पासून बेनिडॉर्म फेस्ट नावाची निवडस्पर्धा सुरू केली. वजन असे ठरले होते: निम्मे परीक्षकांना, पाव भाग लोकसंख्येतून शास्त्रीय नमुना काढून निवडलेल्या प्रेक्षकांच्या गटाला आणि पाव भाग फोन-एसएमएसने मत देणाऱ्यांना. कागदावर हे अगदी समतोल दिसते, निम्मे तज्ज्ञ आणि निम्मे लोक. फोनवरच्या मतांपैकी ७०.७५ टक्के मते तानशुगेइरास या स्पेनच्याच गॅलिशिया प्रांतातल्या गायिकांच्या त्रिकुटाला मिळाली. जिंकलेल्या शनेलला मिळाली ३.९७ टक्के. म्हणजे तानशुगेइरासला जवळपास अठरापट मते होती, तरी त्या तिसऱ्या आल्या.

खरी मेख इथे आहे. प्रेक्षकांची मते टक्क्यांप्रमाणे मोजली गेलीच नाहीत, आधी त्यांचे क्रमांक लावले गेले. पहिल्याला ३० गुण, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला २०. सत्तर टक्केवालीला ३० आणि चार टक्के मिळवून तिसरी आलेल्या शनेलला २०. अठरापट मतांचे दीडपट गुण झाले. नमुना-गटातही तानशुगेइरास पहिल्या, म्हणजे आणखी ३०, आणि शनेल दुसरी, म्हणजे २५. परीक्षकांनी शनेलला ५१ गुण दिले, रिगोबेर्ता बांदिनी या आणखी एका गायिकेला ४६ आणि त्यांच्याकडे पाचव्या आलेल्या तानशुगेइरासला ३०. परीक्षकांचे गुण मात्र अनेक जणांची बेरीज असतात, त्यामुळे तिथे पहिल्या आणि पाचव्या क्रमांकात २१ गुणांचे अंतर सहज पडू शकले. प्रेक्षकांच्या दोन्ही रकाने मिळून तानशुगेइरासला शनेलवर आघाडी मिळाली ती अवघी १५ गुणांची. शेवटची बेरीज शनेल ९६, रिगोबेर्ता ९१, तानशुगेइरास ९०.

परीक्षकांनी नियमाबाहेर जाऊन काही केले नव्हते आणि प्रेक्षकांचा निम्मा वाटाही कुणी काढून घेतला नव्हता. पण ज्या कोष्टकात परीक्षकांचे अंतर मोकळे पसरते आणि प्रेक्षकांचे अंतर क्रमांकांच्या चौकटीत आवळले जाते, तिथे ‘५०-५०’ हे छापण्यापुरतेच उरते. प्रकरण थेट संसदेतल्या प्रश्नांपर्यंत गेले. तिथेही बोलणे झाले ते परीक्षकांच्या हेतूंबद्दलच जास्त. गंमत अशी की हीच शनेल त्या मे महिन्यात तुरिनला युरोव्हिजनच्या अंतिम फेरीत ४५९ गुण घेऊन तिसरी आली. १९९५ नंतरची स्पेनची ती सर्वांत चांगली कामगिरी. त्यामुळे ‘परीक्षक बरोबरच होते’ असे म्हणणारेही लगेच उभे राहिले. तोही निष्कर्ष घाईचाच, कारण तानशुगेइरास तुरिनला गेल्या असत्या तर काय झाले असते हे कुणीच सांगू शकत नाही.

मग टक्केवारीप्रमाणेच गुण वाटावेत, असे वाचकांना वाटेल. फिनलंडची यूएमके ही निवडस्पर्धा जवळपास तसेच करते. तिथे प्रेक्षकांचे वजन ७५ टक्के, परदेशी परीक्षकांचे २५, आणि प्रेक्षकांची मते ज्या प्रमाणात पडतील त्या प्रमाणात गुण. २०२३ साली केएर्या हा गायक तिथे जो प्रचंड फरकाने जिंकला, तो फरक गुणफलकावरही दिसला. पुढे तो लिव्हरपूलच्या युरोव्हिजनमध्ये दुसरा आला आणि प्रेक्षकांच्या मतांत पहिला. ही पद्धत लोकांना पटते, कारण आकडा वाचला की अर्थ कळतो.

पण हीच पद्धत स्वीडनमध्ये फसली, आणि तेही अगदी उलट कारणाने. तिथल्या एसव्हीटी या प्रसारण संस्थेने २०१५ मध्ये मेलोडिफेस्टिवालेन या आपल्या निवडस्पर्धेत मोबाइल ॲपवरून फुकट मत देण्याची सोय केली. प्रत्येक गाण्याला पाच ‘हृदये’ पाठवता येत. पैसे पडत नाहीत म्हटल्यावर माणूस आवडलेल्या गाण्याला पाच देतो, बऱ्या गाण्याला तीन, आणि गायिकेचा झगा छान होता म्हणून आणखी दोन. लाखो लोक असे वागले की सगळ्या गाण्यांची टक्केवारी एकमेकांच्या जवळ येते. पहिल्या आणि शेवटच्या गाण्यात फरक नावालाच उरतो, आणि मग टक्केवारीप्रमाणे वाटलेल्या गुणांत प्रेक्षकांचे अंतर जवळजवळ पुसले जाते. परीक्षक मात्र एका गाण्याला १२ आणि दुसऱ्याला शून्य देऊ शकतात. २०१७ मध्ये प्रेक्षकांची पहिली पसंती नानो हा गायक होता, जिंकला रॉबिन बेंग्टसन, आणि तो परीक्षकांच्या गुणांवर.

म्हणजे मतासाठी पैसे पडतात तिथे मते एका बाजूला ढिगाने पडतात आणि क्रमांकाचे कोष्टक तो ढीग कापून टाकते. मत फुकट असेल तर ती पातळ पसरतात आणि टक्केवारीचे कोष्टक तो पातळपणा जसाच्या तसा उचलते. मत देण्याची रीत आणि गुण देण्याची रीत एकमेकींना जुळवून ठरवावी लागतात, हे बहुतेक संस्थांना एकदा तोंडावर आपटल्यावरच कळले आहे.

स्वीडनने २०१९ पासून काढलेला तोडगा बघण्यासारखा आहे. ॲपवरच्या मतदारांचे वयानुसार सात गट केले: ३ ते ९, १० ते १५, १६ ते २९, ३० ते ४४, ४५ ते ५९, ६० ते ७४ आणि ७५ च्या पुढचे. आठवा गट फोनवरून मत देणाऱ्यांचा. प्रत्येक गट १२, १०, ८, ७ आणि तिथून एकेक उतरत १ पर्यंत गुण देतो. समोर आठ परदेशी परीक्षक-मंडळे, त्यांचेही कोष्टक तेच. एका गटाकडे ५८ गुण, म्हणजे प्रेक्षकांचे ४६४ आणि परीक्षकांचेही ४६४. दोन्ही बाजूंना एकाच मापाने पसरता येते, म्हणून इथले ५०-५० खरोखरच ५०-५० आहे. फक्त किशोरवयीन मुलांना आवडलेले गाणे एकदोन गटांतच बारा घेते आणि अडते. नातवंडापासून आजीपर्यंत सगळ्यांना थोडे थोडे आवडलेले गाणे पुढे सरकते. बालवाडीतल्या मताला आजोबांच्या मताइतकेच वजन, यावर तिथेही नाके मुरडली जातात. पण २०२५ मध्ये याच पद्धतीतून काय (हा प्रश्न नव्हे, त्रिकुटाचे नावच तसे आहे) हे फिनलंडमधले स्वीडिश भाषक विनोदी गायक १६४ विरुद्ध १५७ गुणांनी जिंकले. हरलेला गायक होता मोन्स सेल्मेर्लोव्ह, २०१५ चा युरोव्हिजन विजेता. सॉनाबाथवरचे ते गाणे बासेलला चौथे आले.

परदेशी परीक्षक कशासाठी, असा प्रश्न लेखात आहे. कारण साधे आहे. युरोव्हिजनमध्ये कुणालाही आपल्या देशाच्या गाण्याला मत देता येत नाही. घरच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेला गायक, त्याचे पंधरा वर्षांचे नाव आणि त्याच्या बोलीतल्या कोपरखळ्या परक्या कानाला लागू पडत नाहीत. परदेशी मंडळ म्हणजे त्याची रंगीत तालीम. त्यातही आणखी एक गुंता आहे. २०२३ ते २०२५ या काळात युरोव्हिजनच्या उपांत्य फेऱ्या फक्त प्रेक्षकांच्या मतांवर ठरत होत्या आणि अंतिम फेरीत परीक्षकांचा निम्मा वाटा होता. म्हणजे परीक्षकांना आवडेल असे संथ, कसदार गाणे निवडले तर ते अंतिम फेरीत पोहोचेलच याची खात्री नव्हती. २०२६ पासून परीक्षक उपांत्य फेरीतही परत आणायचे ठरले, एका फोनवरून देता येणाऱ्या मतांची मर्यादा २० वरून १० वर आली आणि परीक्षक-मंडळ पाचावरून सातांचे झाले. घरची निवडपद्धत तीच ठेवून बाहेरचे नियम असे बदलले की जुना अनुभव फारसा उपयोगी पडत नाही.

आता त्या गोष्टी, ज्यांच्याबद्दल लेखात एक ओळही नव्हती आणि जिथे प्रत्यक्षात घोडे पेंड खाते.

गाणे तीन मिनिटांचे, सेकंदही जास्त नाही. मंचावर जास्तीत जास्त सहा माणसे. मुख्य गायकाचा आवाज प्रत्यक्ष, वाद्ये मात्र ध्वनिमुद्रित. वाद्यवृंद शेवटचा वाजला तो १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला. साथीचे आवाज ध्वनिमुद्रित वापरायची मुभा २०२१ पासून. गायकाचे वय किमान १६. गाणे आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपूर्वी बाजारात आलेले नसावे, आणि सगळा ऐवज साधारण मार्चच्या मध्यापर्यंत जमा व्हावा.

हे आकडे घरच्या स्पर्धेत पाळले नाहीत तर विजेत्याला नंतर शिवणकाम करावे लागते. इटलीचा सानरेमो महोत्सव १९५१ पासून चालतो, म्हणजे युरोव्हिजनच त्याच्यावर बेतलेली आहे. त्याचे स्वतःचे नियम आहेत, तिथे पूर्ण वाद्यवृंद असतो आणि गाणी तीन मिनिटांपुढे जातात. विजेत्याला युरोव्हिजनला जायचा पहिला हक्क मिळतो आणि गेला तर गाणे कापावे लागते. सुरुवातीचे वाद्यसंगीत आखडते, दुसऱ्या कडव्याचा अर्धा भाग जातो किंवा शेवटचा ध्रुवपद-पुनरुच्चार. यात सर्वांत जास्त मार बसतो तो हळूहळू चढत जाणाऱ्या गाण्याला, कारण त्याची चढणच कापली जाते. अल्बानियाची निवड डिसेंबरमध्येच होते. तिथे हाताशी वेळ भरपूर असतो आणि म्हणूनच धोका दुसरा: मार्चपर्यंत गाण्याची मांडणी, कधी भाषासुद्धा, बदलली जाते आणि लोकांनी निवडलेले गाणे ते हेच का, असे वाटू लागते. घरच्या मंचावर आठ नर्तक नाचवले असतील तर दोघांना घरी ठेवावे लागते, आणि आठांसाठी बसवलेली रचना सहांत नुसती लहान होत नाही, पुन्हा बसवावी लागते. मोठे नेपथ्य उभारायला दोन गाण्यांमध्ये मिनिटभरही मिळत नाही.

शब्दांची तपासणीही निवडीआधी करून घेतलेली बरी. २०२५ मध्ये माल्टाच्या विजयी गाण्यातला एक माल्टी शब्द इंग्रजी कानांना अश्लील वाटला आणि निवड झाल्यावर गाण्याचे नावच बदलावे लागले. २००९ मध्ये जॉर्जियाच्या गाण्याचे शीर्षक रशियाचे तेव्हाचे पंतप्रधान पुतिन यांच्या नावावरचा श्लेष ठरले. शब्द बदलायला सांगितल्यावर जॉर्जियाने माघारच घेतली. राजकीय मजकूर चालत नाही हा नियम जुना आहे, तरी दर काही वर्षांनी कुणीतरी तो ताणून बघतो.

करार हा सर्वांत दुर्लक्षित भाग. स्पर्धकाने घरच्या स्पर्धेत पाऊल ठेवण्यापूर्वीच पुढच्या चार महिन्यांच्या अटी सहीसकट झालेल्या असायला हव्यात. युक्रेनमध्ये २०१९ साली विजेती मारूव्ह हिच्यापुढे करार आला तो जिंकल्यानंतर. त्यात रशियातले कार्यक्रम न करण्याच्या अटीसह बरेच काही होते. तिने सही केली नाही, मागच्या क्रमांकांनीही नकार दिला आणि युक्रेन त्या वर्षी स्पर्धेतच नव्हता. २०२२ मध्ये तिथली विजेती अलिना पाश हिच्या रशियाने ताब्यात घेतलेल्या क्रिमियातल्या प्रवासाच्या कागदपत्रांवरून वाद झाला आणि तिने माघार घेतली. या वेळी मात्र दुसऱ्या क्रमांकावरचा कलुश ऑर्केस्ट्रा तयार होता. तो गेला आणि ६३१ गुणांनी जिंकून आला. जर्मनीत २०१५ मध्ये अँड्रियास क्यूमर्टने थेट प्रक्षेपणात, निकाल लागल्या लागल्या, आपण जाणार नाही असे सांगून टाकले. दुसरी आलेली ॲन सोफी गेली आणि व्हिएन्नात तिला शून्य गुण मिळाले. सानरेमोचा २०२५ चा विजेता ओली यानेही नकार दिला, पण तिथे ही शक्यता नियमातच धरलेली आहे. दुसरा आलेला लुचो कोर्सी गेला आणि पाचवा आला. कुणी रुसले नाही, कुणाची धावपळ झाली नाही.

राखीव यादीही अशीच. क्रोएशियाच्या डोरा स्पर्धेत २०२४ मध्ये बेबी लझान्या मूळ यादीत नव्हताच, तो राखीव होता. एका गायिकेने माघार घेतली म्हणून त्याला जागा मिळाली. तो डोरा जिंकला आणि माल्मोला दुसरा आला. राखीव गाण्यांची निवड शेवटच्या अर्ध्या तासात उरकणाऱ्यांनी याचा विचार करावा.

यंत्रणा बंद पडणे ही शक्यता नव्हे, वेळापत्रकातली एक बाब समजावी. नॉर्वेच्या २०२० च्या अंतिम रात्री ऑनलाइन मतदान कोलमडले. पहिल्या फेरीतले चार जण निवडले ते तीस जणांच्या राखीव मंडळाने. चिडचिड झाली, पण मंडळ आधीच नेमलेले होते म्हणून रात्र पार पडली. बेलारूसमध्ये २०१२ साली प्रकरण वेगळे होते. मतांत फेरफार झाल्याचे निघाले, विजेती अल्योना लान्स्काया बाद झाली आणि दुसरा क्रमांक पाठवला गेला. तीच पुढच्या वर्षी रीतसर जिंकून गेली.

राहता राहिली बंद दाराआडची निवड. लेखात तिला ‘लोकशाहीविरोधी’ म्हटले आहे. शब्द जड आहे. बीबीसीने २०१६ ते २०१९ लोकांना विचारून पाहिले आणि २०१९ मध्ये शेवटचा क्रमांक मिळाला. नंतर स्वतः निवडले तर २०२१ मध्ये शून्य गुण आणि २०२२ मध्ये सॅम रायडर ४६६ गुणांसह दुसरा. पद्धत तीच, निकाल दोन टोकांचे. स्वित्झर्लंड २०१५ ते २०१८ सलग चार वर्षे उपांत्य फेरीतच गारद झाला. मग त्यांनी टीव्हीवरचा सोहळा बंद केला आणि सुमारे शंभर प्रेक्षकांचे एक मंडळ व एक परदेशी तज्ज्ञांचे मंडळ नेमून निवड सुरू केली. २०१९ मध्ये चौथा क्रमांक, २०२१ मध्ये तिसरा, २०२४ मध्ये नेमोचा विजय. यात लोक आहेतच, फक्त मोजके आणि विचारपूर्वक निवडलेले. किंमत अशी की देशाने ते गाणे सहा आठवडे गुणगुणलेले नसते, आणि पडले तर बोट संस्थेकडेच जाते.

आपल्या लेखातली तक्त्याची चौकट पुन्हा छापणार असाल तर तीत एक रकाना जरूर वाढवावा: गुण समान झाले तर काय. स्वीडनमध्ये अशा वेळी प्रेक्षकांची मते श्रेष्ठ धरतात. १९६९ मध्ये माद्रिदला खुद्द युरोव्हिजनच्या नियमावलीत हे कलम नव्हते. स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स सारख्याच गुणांवर थांबले आणि चौघांनाही विजेते घोषित करावे लागले.

आपला,
एक वाचक